आरोग्यमंत्री महोदय, केसपेपरवरचं ‘रेट्रो’ कधी पुसणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स.न.वि.वि. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पॉझिटिव्ह माणसाला उपचार नाकारायचे नाहीत, त्यात दुजाभाव करायचा नाही, असं कलम ३ सांगतं. तरीही हर्नियाची, हाडाची ऑपरेशनं टोलवली जातात.

नकार कुणी लेखी देत नाही. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘रेट्रो’, म्हणजे रुग्ण एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे ही खूण, लिहिलं की पुढचं ठरलेलं: ‘किट संपलेत’, ‘भूलतज्ज्ञ रजेवर आहेत’, ‘मोठ्या हॉस्पिटलला जा’. नंबर लागलाच तर सगळ्यात शेवटी, कारण म्हणे ‘नंतर ओटी (ऑपरेशन थिएटर) फ्युमिगेट (धुरी देऊन निर्जंतुक) करावी लागते’. महोदय, हा विषाणू हवेतून पसरत नाही. अवजारं प्रत्येक केसनंतर ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर गेलीच पाहिजेत, सांडलेल्या रक्तावर १ टक्का हायपोक्लोराइट हे जंतुनाशक पडलंच पाहिजे, टेबलावर कुणीही असो. लागण होऊनही चाचणीत न दिसण्याच्या सुरुवातीच्या काळात, म्हणजे विंडो पिरियडमध्ये, रिपोर्ट निगेटिव्ह येतो, मग रिपोर्ट बघून खबरदारी घेणारे कुणाला वाचवतात? आणि उपचारासाठी एचआयव्ही चाचणी अट म्हणून घालायलाच कलम ३ ची मनाई आहे. संमती आणि समुपदेशन कलम ५ ने सक्तीचं केलंय. ऑपरेशनपूर्व तपासण्यांच्या छापील यादीत ती न विचारता टिक केलेली असते.

सुई टोचण्याची भीती खरी आहे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात साधारण ३. हिपॅटायटिस बी बाधित रक्ताची टोचली तर लस न घेतलेल्याला तो होण्याची शंभरात ६ ते ३०. जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची. पीईपीचा, म्हणजे लागण टाळण्यासाठी सुई टोचल्यावर घ्यायच्या औषधांचा, पहिला डोस शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत, मग २८ दिवस गोळ्या. पण रात्री अडीचला सिस्टरला सुई टोचली आणि गोळ्यांचं कपाट कुलूपबंद, किल्ली सकाळी नऊला येणाऱ्या फार्मासिस्टच्या खिशात, असं असेल तर ती पुढच्या वेळी त्या खाटेजवळ कशाला जाईल? ही सोय कलम १९ नुसार संस्थेची जबाबदारी आहे. ती न करता कर्मचाऱ्यांना संवेदनशीलतेची व्याख्यानं देऊ नका.

तक्रार कुठे करायची? २० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी हवा. कलम ३ मोडल्याबद्दल कायद्यात थेट शिक्षा नाही, सगळी भिस्त याच कायद्याखाली नेमायच्या लोकपालावर. त्यांनी ३० दिवसांत, तातडीच्या उपचारात शक्यतो २४ तासांत आदेश द्यायचा. तो डावलला तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढे रोज ५,००० पर्यंत. ज्याला लोकपालाचा फोन नंबरच ठाऊक नाही, त्याचे २४ तास कुणाच्या घड्याळात मोजायचे? ओपीडीच्या भिंतीवर योजनांच्या जाहिरातींना जागा आहे, या एका नंबराला नाही.

त्यात जिल्हा रुग्णालय तुमचं, मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाचं, पालिकेचा दवाखाना आयुक्तांचा. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि आतडं अडकलेला माणूस स्ट्रेचरवर राहतो. कायदे करायचे, अधिकारी नेमायचे नाहीत, नेमले तर कळवायचे नाहीत: या राज्यकारभाराची आम्हाला चीड आली आहे.

लोकपाल व तक्रार अधिकाऱ्याचं नाव-नंबर प्रत्येक ओपीडीत लावा. पीईपीचा पहिला डोस कॅज्युअल्टीत, बिनकुलपाचा ठेवा. आणि उपचार नाकारणाऱ्या डॉक्टरने कारण, वेळ व सही केसपेपरवर लिहूनच रुग्णाला पाठवावं, असं परिपत्रक काढा.

आपले,
एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रांवरील रुग्णांसोबत काम करणारे कार्यकर्ते