मार्जिन म्हणजे इसार नव्हे

मा. संपादक,
स. न.

कापसाचे चुकारे हाती पडले, सोयाबीन विकून झाले की आपल्याकडे पानठेल्यावर हल्ली एकच विषय निघतो : कोणत्या ॲपवर किती पट लिमिट मिळते, म्हणजे खात्यातल्या पैशाच्या किती पट सौदा करता येतो. या बोलण्यात एक चूक पक्की रुजली आहे. ‘एका लाखात दहा लाखांचं सोनं घेतलं’ असे म्हणणाऱ्याच्या मनात हिशेब इसाराचा असतो. वावराचा सौदा मोडला तर घेणाऱ्याचा इसार बुडतो, त्यापलीकडे सहसा काही जात नाही. वायद्यातले, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यातले, मार्जिन तसे नाही. तोटा झालाच तर तो वसूल करता यावा म्हणून आधीच ठेवून घेतलेली ती अनामत आहे. नफा-तोटा पूर्ण दहा लाखांवर मोजला जातो आणि अनामत संपली म्हणून तोटा थांबत नाही. वरची रक्कम घरातून भरावी लागते.

सोन्याचा मिनी वायदा १०० ग्रॅमचा असतो आणि भाव १० ग्रॅमचा बोलला जातो. म्हणजे भाव एक रुपया हलला की खात्यात दहा रुपये हलतात. हिशेब सोपा जावा म्हणून भाव १,००,००० रुपये धरू. लॉटची, म्हणजे एका सौद्याच्या ठरलेल्या १०० ग्रॅमची, किंमत १० लाख. मार्जिन १० टक्के धरले तर १ लाख. दुसऱ्या दिवशी भाव २,००० रुपयांनी उतरला. सराफाकडे ही २ टक्क्यांची किरकोळ घट, पण आपल्या एका लाखातून २०,००० गेले. हा तोटा कागदावर राहत नाही. तो रोजच्या रोज खात्यातून रोख वळता होतो. आता खात्यात ८०,००० उरले आणि नव्या भावाने मार्जिन हवे ९८,०००. तूट १८,०००. मार्जिनची तूट एक लाखाच्या आणि लागणाऱ्या मार्जिनच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर दिवसाला ०.५ टक्का दंड, कोणतीही एक मर्यादा गाठली की १ टक्का, आणि सलग तीन दिवसांच्या पुढे गेली तर ५ टक्के. या उदाहरणात तूट १० टक्क्यांच्या वर, म्हणून रोज १८० रुपये आणि चौथ्या दिवसापासून ९००. तितके दिवस ब्रोकर थांबतही नाही, आधीच सौदा कापतो. भाव संध्याकाळी परत वर गेला तरी आपण तेव्हा सौद्यात नसतो.

शिवाय बाजारात उलथापालथ वाढली की एक्स्चेंज, म्हणजे बाजार चालवणारी संस्था, मार्जिनच वाढवते. भाव जागचा हलला नसला तरी तेवढ्याच सौद्याला जादा पैसे लागतात. काही जण शेअर तारण ठेवून मार्जिन मिळवतात. तिथे शेअरची पूर्ण किंमत धरत नाहीत, काही टक्के कापूनच धरतात. रातोरात सौदा ठेवायचा तर निम्मे मार्जिन रोख किंवा रोखीसारखे लागते आणि रोजचा तोटा तर रोखीतच भरावा लागतो. तारणावर सगळे भागेल असे समजणारे इथेच अडकतात.

तोटा अनामतीपलीकडे कसा जातो, त्याचा मोठा दाखला २० एप्रिल २०२० चा. लॉकडाऊनमुळे एमसीएक्स हा वस्तूंचा वायदे बाजार तेव्हा संध्याकाळी पाचलाच बंद होत होता. त्या रात्री अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा शून्याखाली गेला आणि इथला सौदा उणे २,८८४ रुपये प्रतिबॅरलने मिटवला गेला. १०० बॅरलच्या लॉटची किंमत त्या दुपारी लाखाच्या घरात होती. घेऊन बसलेल्याला तोटा झाला लॉटमागे पावणेचार लाखांच्या वर. रात्री बाजारच बंद, मग स्टॉपलॉस, म्हणजे ठरावीक भावाला सौदा आपोआप कापायचा आदेश, कुठे लागणार?

इतके टोकाचे रोज घडत नाही. पण ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी एका दिवसात १,३७९ अंकांनी पडला. ७५ चा लॉट धरला तर घेणाऱ्याचा तोटा १,०३,४२५ रुपये झाला. स्टॉपलॉस लावलेला होता, असे म्हणून भागत नाही. बाजार फट पाडून खाली उघडला की किमान भावाची अट (लिमिट) लावलेला स्टॉपलॉस तसाच लटकत राहतो आणि मार्केट भावाचा लावला असेल तर मिळेल त्या भावाने कापला जातो. त्यात सोन्याचांदीचा वायदा रात्री साडेअकरा-बारापर्यंत चालतो. अमेरिकेचे आकडे येतात तेव्हा आपला कास्तकार चण्याच्या ओलितासाठी वावरात असतो, आणि तिथे रेंज मिळाली तर मिळाली.

ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाने घेण्याचा वा विकण्याचा हक्क, घेणाऱ्याचा तोटा त्यासाठी दिलेल्या प्रीमियमपुरताच, हे खरे. पण मुदत जवळ येते तसा तो प्रीमियम आपोआप झिजतो आणि शेवटी ऑप्शन नफ्यात नसला तर पूर्ण शून्य होतो. शेअरच्या ऑप्शनमध्ये आणखी एक मेख आहे. शेवटच्या दिवशी तो नफ्यात असला तर शेअरची प्रत्यक्ष डिलिव्हरी घ्यावी-द्यावी लागते, म्हणून शेवटच्या चार दिवसांत मार्जिन पायरीपायरीने वाढते. पाच-सात हजारांचा ऑप्शन घेतला आणि ब्रोकरने लाखांची मागणी केली, याचे कारण हे. मार्जिन फंडिंगवर, म्हणजे ब्रोकरकडून उधार घेऊन, शेअर घेणाऱ्यांनी व्याजाकडे बघावे : वर्षाला १२ टक्के धरले तर लाखामागे रोज ३३ रुपये, बाजार बंद असला तरी. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून मुदतीत फेडीवर बिनव्याजी पडणारे पीककर्ज उचलून तिकडे घालणारा तर दोन्हीकडून जातो. हंगामात खताला पैसा उरत नाही आणि मुदत हुकली की सवलतही जाते.

सौदा करायचाच असेल तर हिशेब उलटा धरावा. ‘मार्जिनमध्ये किती लॉट बसतात’ हा प्रश्नच चुकीचा. आधी एका सौद्यात किती रुपये गमवायची तयारी आहे ते ठरवावे. दोन लाखांच्या भांडवलावर २ टक्के म्हणजे ४,०००. सोन्यात घेतल्या भावाच्या ६०० रुपये खाली स्टॉपलॉस ठेवायचा तर मिनीच्या एका लॉटला ६,००० जातात. म्हणजे मिनी आपल्याला परवडत नाही, मार्जिन पुरत असले तरी. गिनीचा वायदा ८ ग्रॅमचा. तिथे तेवढ्याच घटीला लॉटमागे ४८० रुपये, म्हणून आठ लॉट, ३,८४० रुपये. बाकीचे पैसे खात्यात तसेच पडू द्यावेत. ते रिकामे बसलेले नाहीत, वाढीव मार्जिन आले तर तेच कामी येतात. आणि निम्मे भांडवल गेले तर मूळ पदावर यायला उरलेल्याचे दुप्पट करावे लागतात, हेही आकडेमोड करतानाच लक्षात घ्यावे.

शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (वायदे आणि ऑप्शन) करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात निघाल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. हे तर अधिकृत बाजारातले.

डब्ब्याचे, म्हणजे बेकायदा खाजगी सौद्यांचे, आकडे कुठेच लिहिलेले नसतात. ‘मार्जिनच लागत नाही’ हेच त्याचे आकर्षण. तिथे सौदा एक्स्चेंजवर जातच नाही. आपण जिंकलो तर पैसे त्या माणसाच्या खिशातून यायचे असतात. ‘एकास पाचशे’ लिमिट देणाऱ्या परदेशी चलनाच्या ॲपवर भाव ०.२ टक्का उलटला की खाते साफ. सोयाबीनच्या वायद्याचे नाव घेऊन कुणी पैसे मागितले तर आधी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर तो करार आहे का ते पाहावे, कारण २० डिसेंबर २०२१ ला सेबीने सोयाबीन-चण्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि पुढे बंदीची मुदत वाढवत नेली. सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरची पावती) चोवीस तासांत आली नाही तर तो सौदा झालाच नाही असे धरावे. फसवणूक कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

आपल्या दैनिकात बाजारभावाच्या पानावर सोन्याचांदीचा दर रोज येतो. त्याखाली मिनी आणि गिनी लॉटची पूर्ण किंमत व त्या दिवशीचे मार्जिन एवढी एक ओळ जोडता आली तर बघावे. जागा दोन बोटांची लागेल.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ