ॲक्झोलॉटलची अंडी आणि पालकांची जबाबदारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेक्सिको सिटीतील शोचिमिल्कोच्या कालव्यांत राहणारा, आयुष्यभर बाह्य कल्ले बाळगणारा ॲक्झोलॉटल हा उभयचर आता आपल्याकडच्या हौशी पालकांच्या टाक्यांतही दिसू लागला आहे. मादी एका विणीत शंभरापासून हजारापर्यंत अंडी घालते आणि हरखलेला पालक ती सगळीच ठेवून घेतो. गेल्या हिवाळ्यात मीही तेच केले, म्हणून हे पत्र.

अठरा-वीस अंशांच्या पाण्यात अंडी दोन-तीन आठवड्यांत फुटतात. जेमतेम सेंटिमीटरभर पिल्लू पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर निभावते. त्यानंतर मात्र त्याला हलणारे, जिवंत खाद्यच लागते, दुकानातल्या गोळ्यांकडे ते ढुंकूनही पाहत नाही. त्यासाठी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवांची) अंडी रोज मिठाच्या पाण्यात, एअर पंप लावून उबवायची, साधारण चोवीस तासांनी निघालेले जीव बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन ड्रॉपरने सोडायचे. पिल्लाचे पोट भरले की पारदर्शक कातडीआड नारिंगी ठिपका दिसतो. तो दिसेपर्यंत मला चैन पडत नसे. उरलेले आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरतात आणि पाणी नासते, त्यामुळे क्लोरीन काढलेले ताजे पाणी रोजच्या रोज भरावे लागते.

पुढचे पाय फुटले की खरी कसोटी लागते, कारण या वयात समोर हलेल ते भक्ष्य, मग तो भावंडाचा पाय का असेना. दाटी झालेल्या एका डब्यात एके सकाळी चार पिल्लांचे पाय कुरतडलेले आढळले. ते पुन्हा उगवतात हे खरे, पण त्या भरवशावर गर्दी करणे क्रूरपणाचे आहे. पाच-सहा सेंटिमीटरची होईपर्यंत पिल्ले आकारानुसार वेगळी ठेवावीत. त्यात चोवीस अंशांपुढचे पाणी या जिवाला सोसत नाही, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणारा चिलरही हवा.

म्हणून पेलतील तेवढीच, पंधरा-वीस अंडी ठेवून बाकीची पहिल्या एक-दोन दिवसांतच, गर्भ आकाराला येण्यापूर्वी, गोठवून नष्ट करावीत. वाढलेली पिल्ले तळ्यात वा नदीत कदापि सोडू नयेत. हा प्राणी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात असल्याने केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विक्रेत्यांनी हे सारे जोडी हाती देतानाच ग्राहकाला सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे