आधी लोण्याची कृती कागदावर आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन (मालाचे नाव त्याच्या भूभागाशी जोडणारी सरकारी नोंदणी) मिळाले, भिवापूरच्या मिरचीला मिळाले, वायगावच्या हळदीलाही मिळाले. मग विदर्भाच्या लोण्याला का नको, असे कुणी म्हटले तर ते रास्तच आहे. गवळाऊ गाय आणि नागपुरी म्हैस या दोन्ही जाती इथल्याच. पण नुसत्या कौतुकावर अर्ज टिकत नाही. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याप्रमाणे मालाचा गुण, लौकिक किंवा वैशिष्ट्य त्या भूभागामुळेच आहे, हे दाखवावे लागते. शिवाय माल कसा तयार होतो आणि त्यावर देखरेख कोण ठेवणार, हेही लिहून द्यावे लागते.

फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या इझिन्यी लोण्याने हेच केले. त्याला १९८६ साली देशात आणि १९९६ साली युरोपीय संघात उगमस्थानाचे संरक्षण मिळाले. दूध कोणत्या गावांतले, गाई वर्षातले किमान सात महिने कुरणात चरलेल्या असाव्यात, साय जिवाणूंच्या विरजणाने थंडाव्यात कित्येक तास मुरवायची, वरून रंग घालायचा नाही, असे सगळे नियम ठरलेले आहेत. त्याचा पिवळेपणा हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीन या पिवळ्या रंगद्रव्यातून येतो. म्हशीच्या दुधात कॅरोटीन जवळपास नसते, म्हणून आपले म्हशीचे लोणी पांढरे. ते पिवळे दिसावे म्हणून रंग टाकणे ही फसवणूक आहे, आणि पांढरे दिसते म्हणून त्यावर भेसळीचा संशय घेणे अन्याय. अर्जात गाईचे आणि म्हशीचे लोणी वेगळेच धरले पाहिजे.

आपली कृती विरजलेल्या दह्याची आहे, ताज्या सायीची नाही. चवीचा उगम तिथेच आहे, म्हणून नियमही तिथूनच सुरू व्हावेत. दूध उकळून घ्यावे, म्हणजे चरबी फोडून कडूपणा आणणारे विकर (एन्झाइम) निकामी होते. मग कोमट झाल्यावर लिटरमागे उन्हाळ्यात अर्धा आणि हिवाळ्यात एक चहाचा चमचा विरजण लावावे. मे महिन्यात दही चार-पाच तासांत लागते, डिसेंबरात आठ-दहा तास घेते. मे महिन्यात रात्री लावलेले दही सकाळपर्यंत तसेच ठेवले तर ते आंबते आणि तो आंबटपणा लोण्यात उतरतो. आठवडाभर साठवलेली साय तर या कृतीत बसतच नाही, तिचा जुनाट वास धुऊनही जात नाही.

सगळ्यात जास्त बिघडते ते घुसळताना. नागपुरात पारा ४५ अंशांवर असताना दही तसेच रवीखाली घेतले तर चरबी पातळ होते, कण जमत नाहीत आणि बरेचसे लोणी ताकातून वाहून जाते. दह्यात बर्फाचे पाणी घालून ते १५ अंशांच्या आसपास आणले की काही चरबी घट्ट, काही मऊ राहते आणि कण एकमेकांना धरतात. फार गार केले तर ते जमायला फार वेळ लागतो. कण ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की रवी थांबवावी. त्यापुढे घुसळले तर गोळ्यात ताक अडकते आणि दोन दिवसांत वास येतो. ताक काढून गार पाण्याने दोन वेळा धुवावे, दुसरे पाणी जवळपास नितळ निघाले की पुरे. पाच-सहा वेळा धुतले तर विरजणाचा सुगंधही पाण्याबरोबर जातो. मग लाकडी पळीने दाबत पाणी काढावे. सुरीने कापल्यावर टपोरे थेंब उमटले तर आणखी दाबायला हवे. बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात हे काम नको, तांबे चरबीला लवकर खवट करते.

आता हिशेब पाहा, कारण तपासणी करणाऱ्याला हाच उपयोगी पडेल. ७ टक्के चरबीच्या १० लिटर म्हशीच्या दुधात साधारण ७०० ग्रॅम चरबी असते. लोण्यात ८० टक्के चरबी धरली तर फार तर ८७५ ग्रॅम लोणी निघेल, काही चरबी ताकात जातेच. १ किलो निघाले तर त्यात चरबी जास्तीत जास्त ७० टक्के, बाकीचे पाणी आणि ताक. वजन वाढवण्याचा हा मोह मानांकनाच्या नावाखाली खपवला गेला तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकणार नाही.

अर्ज एकट्या व्यापाऱ्याला करता येत नाही, उत्पादकांची संघटना लागते. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण होते. नाव वापरणाऱ्या प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. म्हणून दूध संघ आणि गवळी बांधवांनी आधी एक उन्हाळा आणि एक हिवाळा दह्याचे तापमान, विरजणाचे प्रमाण आणि निघालेले वजन रोज वहीत लिहावे. मसुदा त्या वहीवरूनच तयार व्हावा.

– दुग्धप्रक्रियेतील काही जाणकार, नागपूर