पोरीची सीट २३बी, आईची ९सी : हवाई वाहतूक राज्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री,
नवी दिल्ली (आणि अर्थातच पुणे)

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण पुण्याचे, म्हणून मराठीत लिहायची मुभा घेतो. लहान मुलं घेऊन एकट्याने विमानात बसणाऱ्या आयांचं आणि बापांचं हे गाऱ्हाणं आहे. एकट्याने का? कुणाचा नवरा आखातात असतो, कुणाची बायको बंगळुरात नोकरीला, कुणी घटस्फोटित, कुणाचा जोडीदार हयात नाही, कुणाची आई नागपूरला दवाखान्यात. कारण काहीही असो, तिकिटावर मोठं माणूस एकच आणि हात दोनच.

आपण खात्यात येण्याच्या दोन महिने आधी, एप्रिल २०२४ मध्ये, डीजीसीएने, म्हणजे आपल्या हवाई नियामकाने, विमान कंपन्यांना बजावलं होतं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकासोबत सीट द्यावी आणि तशी नोंद ठेवावी. वाचून बरं वाटलं होतं. पेढे तेवढे वाटायचे राहिले.

आता परवाचा वेब चेक-इनचा पडदा बघा. कंपनीचं नाव घेत नाही, चारचौघींसारखीच आहे. आई ९सी, मांडीवर १४ महिन्यांचं बाळ. पाच वर्षांची मुलगी २३बी. तिघांचा पीएनआर एकच. आणि खाली रंगीत चौकोनांत मोकळ्या सीटा, एकेकीवर ४५० रुपयांची चिठ्ठी. फोन केला की उत्तर मिळतं, "मॅम, एअरपोर्टवर ॲडजस्ट होईल." एअरपोर्टच्या काउंटरवर, "फ्लाइट फुल आहे, आत क्रूशी बोला." आत क्रू आपला चांगला असतो बिचारा, पण तो करणार काय? पैसे मोजून सीट घेतलेल्या माणसाला हात जोडणार. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्या आदेशाने दिलं होतं, तो शेवटी २३सीवरच्या काकांच्या चांगुलपणावर सोडलेला. आणि काकांनी का उठावं? त्यांनीही पैसे भरलेत.

गंमत म्हणजे गळती त्याच परिपत्रकात आहे. पसंतीच्या सीटचे वेगळे पैसे घ्यायची परवानगी त्यातच, आणि ज्याने सीट निवडली नाही त्याला आपोआप सीट देण्याची तरतूदही त्यातच. कंपन्यांनी दोन्ही कलमं अशी जुळवली की आधी सीटा विकायच्या आणि उरलेल्या उष्ट्यापाष्ट्या वाटायच्या. तोवर शेजारशेजारच्या दोन सीटा उरतातच कुठे? सीटमागे ४०० धरले तरी आई आणि मुलगी मिळून जाऊन-येऊन १,६०० झाले. हा पैसा 'ऐच्छिक'. पाच वर्षांच्या पोरीने आईजवळ बसणं ऐच्छिक!

शेजारची सीट हा लाड नाही. केबिनमधला दाब १४,००० फुटांवर असावा इतका उतरला की ऑक्सिजनचे मास्क आपोआप खाली पडतात. ३५,००० फुटांवर दाब एकदम गेला तर माणसाला भान ठेवून हात चालवायला मिळतं फार तर अर्धं मिनिट. आधी स्वतःला मास्क लावा, मग मुलाला, ही सूचना शंभर टक्के बरोबर आहे. पण मूल १४ रांगा मागे असेल तर 'मग मुलाला' कोण लावणार?

विमान रिकामं करण्याचंही तेच. एखाद्या प्रकारच्या विमानाला परवाना द्यायच्या आधी, निम्म्याच दारांतून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडतात हे दाखवावं लागतं. अमेरिकी नियमावलीत या चाचणीची कृती अगदी रेसिपीसारखी दिली आहे. निदान ३५ टक्के माणसं पन्नाशीपुढची, निदान ४० टक्के बायका, आणि दोन वर्षांखालच्या बाळांच्या जागी बाहुल्या. किती? तीन. दिवाळीच्या सुट्टीतलं पुणे-दिल्ली विमान डोळ्यांसमोर आणा आणि तीन बाहुल्या आठवा. त्यातून मूल लांब बसलेलं असलं की आई दाराकडे जात नाही, उलटी मागे धावते, आणि अरुंद वाटेत अख्खी रांग तुंबते. ब्रिटनचा हवाई नियामक म्हणूनच सांगतो की मूल पालकाच्या रांगेतच असावं, नाहीच जमलं तर फार तर एका रांगेच्या अंतरावर. तिथे हा मुद्दा सुरक्षिततेत मोजतात. आपल्याकडे तो जादा पैशांच्या 'ॲड-ऑन'मध्ये येतो.

अजून एक बारकावा, जो काउंटरवर कुणी सांगत नाही. तीन खुर्च्यांच्या डोक्यावर साधारणपणे चार मास्क असतात, चौथा मांडीवरच्या बाळाचा. त्यामुळे त्या तीन खुर्च्यांत मांडीवरचं बाळ एकच चालतं. दोन बाळं एकाच ओळीत आली की एका आईला ऐन वेळी उठवून दुसरीकडे बसवतात. नियम योग्यच आहे. पण हलवतात ती आई आणि बाळ. पाच वर्षांची मुलगी राहते आधीच्या जागी. संगणकाला बाळ दिसतं, बहीण दिसत नाही.

भाड्याचा हिशेब थोडक्यात. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर, एका मोठ्या माणसामागे एकच. त्याची फी दीड-दोन हजारांच्या घरात, सीट नाही आणि बहुतेक ठिकाणी वेगळी हातातली बॅगही नाही. दुसरा वाढदिवस झाला की देशांतर्गत स्वस्त कंपन्यांत पूर्ण तिकीट. जाताना एक वर्ष अकरा महिने आणि येताना दोन वर्षं झाली असतील तर जाताना मांडी, येताना खुर्ची. तारीख बघूनच परतीचं तिकीट काढा, नाहीतर काउंटरवर जन्मदाखला हातात धरून वाद घालायची वेळ येते. एसटीत पाच वर्षांपर्यंत फुकट आणि पुढे बारापर्यंत अर्धं तिकीट. सरकारची स्वस्त विमानप्रवासाची 'उडान' योजना मात्र हवाई चप्पलवाल्यांसाठी. चप्पल किती नंबरची, ते सांगायचं राहिलं वाटतं.

आता सुरक्षा तपासणी. सविस्तर लिहितो, कारण ही व्यवस्था ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांसमोर प्रत्येक मुलामागे दोन मोठी माणसं असावीत. पट्ट्यापाशी आल्यावर आईने काय काय करायचं? फोन, पॉवर बँक, लॅपटॉप ट्रेमध्ये. स्ट्रोलरची, म्हणजे बाबागाडीची, खालची टोपली रिकामी करून तो घडी करायचा. घडी करायला दोन हात लागतात: एकाने कळ दाबायची, दुसऱ्याने दांडा ओढायचा. बाळाला छातीशी बांधायचं कॅरियर काढून तेही ट्रेमध्ये. मग बाळ कुठे? कडेवर. आणि कडेवर बाळ असताना घडी कशी होणार? कुणी बाळाला थंडगार फरशीवर बसवतं, कुणी पाच वर्षांच्या बहिणीच्या हातात देतं. मागून रांग उसासे टाकते. पुढे बायकांच्या पडद्याआडच्या खोक्यात जायचं, चौथऱ्यावर उभं राहून हात पसरायचे. बाळासकट पसरा! तोवर पलीकडे ट्रे बाहेर येऊन एकमेकींवर आदळतात, आवाज येतो, "ये दूध किसका है?" आणि मोठी मुलगी पडद्याच्या कुठल्या बाजूला आहे, ते आईला दिसत नाही.

आपण तालमीत घडलेले. कुस्तीत एका वेळी समोर एकच गडी असतो, हे वेगळं सांगायला नको.

खाकीतल्या बायांबद्दल तक्रार नाही, उलट त्यांच्यातल्या कितीतरी जणी नियमात नसताना बाळ धरतात. प्रश्न नियमाचा आहे. गर्दीच्या वेळी एक रांग मुलंवाल्यांची ठेवा, स्ट्रोलर कर्मचाऱ्याने घडी करून द्यावा, पट्ट्याच्या शेवटी एक बाक टाका. बाकाला किती खर्च येतो, ते आपल्या अंदाजपत्रकवाल्यांना विचारा. तोवर आयांनी एवढं करावं: मोठ्या मुलाला आपल्या अगदी पुढे पाठवायचं, मागे नाही. दूध, पेज आणि औषधं वेगळ्या पिशवीत, वरच्यावर. आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रवपदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा असली तरी बाळाच्या खाण्याला आणि औषधाला सूट असते. फक्त ते काढून दाखवायचं असतं, बॅगेच्या तळाशी सापडायचं नसतं.

त्यानंतर 'मुलंवाल्यांनी आधी यावं' ही दयाळू घोषणा. इमारतीतून थेट विमानाच्या दारात नेणारा एरोब्रिज असेल तर उपयोग होतो. बस असेल तर शुद्ध थट्टा. आधी बसमध्ये चढलेली आई पलीकडच्या दाराशी ढकलली जाते, भरेपर्यंत पंधरा मिनिटं उभी राहते, विमानापाशी नेमकं दुसरंच दार उघडतं आणि शिडीवर ती सगळ्यांत शेवटी पोचते. कडेवर बाळ, बोटाला मुलगी, खांद्यावर सात किलोची बॅग, आणि पायऱ्या पावसाने ओल्या. शिडीवर कठड्याला धरायला हात उरतो का, याचं गणित एखाद्या पाचवीच्या पोराला घालून बघा.

स्ट्रोलरचं दुखणं त्याहून भारी. निघताना तो गेटवर घेतात, टॅग लावतात. पोचल्यावर तो विमानाच्या दाराशी मिळावा, कारण खरी पायपीट तिथूनच सुरू होते. मिळतो कुठे? सामानाच्या पट्ट्यावर, अर्ध्या तासाने, चाक वाकडं झालेलं. झोपलेलं ११ किलोचं बाळ आणि झोपेला आलेली मुलगी घेऊन मधलं अंतर चालायचं. बाळाचं वजन त्याला झोप लागली की दुप्पट होतं, हे शास्त्रात नसेल, पण कुठल्याही आजीला विचारा.

याउलट बघा. पाच ते बारा वर्षांचं मूल एकटंच पाठवायचं असेल तर पैसे भरून कर्मचारी मिळतो, तो त्याला हाताला धरून पोचवतो. चालता न येणाऱ्याला व्हीलचेअर आणि माणूस, आणि ते मिळायलाच हवं. म्हणजे माणसं आहेत. फक्त आईबाप सोबत असलेल्या मुलांसाठी नाहीत, कारण कागदावर ती मुलं 'सोबत' आहेत! मग काही हुशार मंडळी गुडघे धरून व्हीलचेअर मागतात, आणि ज्यांना ती खरंच लागते ते ताटकळतात. लबाडी वाईटच, पण तिची वाट कुणी आखून दिली?

बाप एकटा असला की आणखी नवी तऱ्हा. डायपर बदलायची फळी बऱ्याच ठिकाणी बायकांच्याच स्वच्छतागृहात. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन त्याने जायचं कुठे? या देशात मूल वाढवणं हे बाईचं काम, हे आमच्या विमानतळांच्या नकाशातही कोरलेलं आहे, आणि मग भाषणं समानतेची.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात उड्डाणं शेकड्यांनी रद्द झाली तेव्हा विमानतळांवर काय हाल झाले, ते आपण पाहिलेत. सरकारने भाड्यांवर मर्यादा घातली, चांगलंच केलं. पण खोळंबा दोन तासांचा झाला तरी मोठ्या माणसाला सँडविच मिळतं आणि बाळाला काय मिळतं? गरम पाण्यासाठीही कॉफीच्या दुकानाच्या रांगेत उभं राहावं लागतं. कोलकात्याला उडान यात्री कॅफेत दहा रुपयांत चहा सुरू झाला, त्याचे फोटो झळकले. चहाचं पाणी उकळतंच आहे, तर त्यातलं अर्धा लिटर थर्मासात ओतून द्या की. (पालकहो, विमानात मिळणारं गरम पाणी थेट बाटलीत ओतू नका, चटका बसतो, आधी साधं, मग गरम. आणि दूध उतरताना पाजायला राखून ठेवा. विमान खाली यायला लागतं ते टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी, कान तेव्हाच दुखतात आणि गिळल्यानेच मोकळे होतात. बाळाचा जोडपट्टा मागून घ्या. आपल्याच पट्ट्यात बाळाला गुंडाळलं तर धक्क्याला आपलं सगळं वजन त्याच्या पोटावर येतं.)

तक्रार केली तर? सरकारी तक्रार पोर्टलवर क्रमांक मिळतो. चार दिवसांनी कंपनीचं उत्तर येतं की गैरसोयीबद्दल खेद आहे आणि सीट उपलब्धतेनुसार दिली जाते. लगेच पोर्टलवर हिरवा शिक्का, 'निकाली'. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच उत्तरावर ती मिटते. गावच्या पंचायतीतही एवढी सोय नव्हती.

एसटीच्या लाल डब्यात अजूनही "ताई, पोराला इकडं द्या, तुम्ही आधी चढा" असं म्हणणारा कंडक्टर भेटतो. रेल्वेने २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये बाळासाठी जोड-बर्थ लावून निदान प्रयोग तरी करून पाहिला. सगळ्यांत जास्त पैसे मोजतो तिथेच सगळ्यांत कमी माणुसकी, ही कसली प्रगती?

असो. मागण्या मोठ्या नाहीत. पीएनआरवर बारा वर्षांखालचं मूल असेल तर तिकीट काढतानाच शेजारची सीट विनाशुल्क बंद व्हावी, चेक-इनच्या उरल्यासुरल्यातून नव्हे. आदेशात 'सोबत' म्हणजे 'त्याच रांगेत, लागून' असं स्पष्ट लिहा; कंपन्यांना मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत ते समजतं, सोयीचं नसलं की समजत नाही. बाळासाठी आईला हलवलं तर भावंडंही तिच्याबरोबर हलावीत. स्ट्रोलर दाराशी किंवा शिडीच्या पायथ्याशी परत मिळावा, आणि बसच्या पुढच्या चार जागा मुलंवाल्यांना राखाव्यात.

आणि या सगळ्याच्या आधी एक, ज्याला दमडी लागत नाही. २०२४ च्या त्या आदेशात 'नोंद ठेवावी' असं लिहिलेलं आहे. दोन शब्द आहेत, पण सगळा आदेश त्यांच्यावर उभा आहे. ती नोंद प्रसिद्ध करा. कुठल्या कंपनीने, कुठल्या महिन्यात, किती मुलांना पालकांपासून लांब बसवलं, आणि त्यातल्या किती जणांनी पैसे भरल्यावर ती जवळ आली.

आपले,
एकट्याने मुलं घेऊन उडणारे काही पालक

ता. क. – नोंद ठेवलीच नसेल तर तसं कळवा. त्याचंही वेगळं पत्र लिहू.