गॅस्केट काढताना इंजिनाचा पृष्ठभाग जपावा

संपादक महोदय,

दुचाकीचे इंजिन खोलले की हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि ब्लॉक (त्याखालचा सिलिंडरचा भाग) यांच्या जोडावर जुन्या गॅस्केटचा, म्हणजे गळती रोखण्यासाठी मध्ये बसवलेल्या पातळ पत्र्यासारख्या तुकड्याचा, व सीलंटचा थर घट्ट चिकटलेला आढळतो, आणि तो काढण्यासाठी अनेक गॅरेजांत आजही छन्नी, हॅक्सॉचे तुटके पाते किंवा ग्राइंडरची चकती सर्रास वापरली जाते. हेड ॲल्युमिनियमचे असते. त्यावर नखाला जाणवेल एवढा ओरखडा जरी उमटला, तरी नवे गॅस्केट बसवूनही तिथून ऑइल झिरपू शकते. चकतीचा धोका त्याहून मोठा आहे, कारण तिचे घासणारे कण ऑइलमधून थेट बेअरिंगपर्यंत पोहोचतात आणि नुकतेच बांधलेले इंजिन पुन्हा खोलण्याची वेळ येते.

योग्य रीत वेळखाऊ असली तरी अवघड नाही. ऑइलचे मार्ग स्वच्छ कापडाने बंद करावेत, गॅस्केट रिमूव्हर लावून डब्यावर लिहिलेला वेळ थांबावे आणि मऊ झालेला थर प्लास्टिकच्या स्क्रॅपरने, तो जवळजवळ आडवा धरून, हळूहळू सोडवावा. पक्के झालेले सिलिकॉनचे सीलंट पेट्रोलने विरघळत नाही, नुसते फुगते. मग बंद जागेत पेट्रोलच्या वाफा कोंडून आगीला निमंत्रण कशासाठी द्यायचे? कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियमच खातो. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस (धूळ फुप्फुसांना घातक असलेले तंतुमय खनिज) असू शकते, म्हणून ती कोरडी खरवडू नयेत.

आयटीआयमधील प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या हत्यारपेटीत प्लास्टिकचा स्क्रॅपर असावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक मोटार मेकॅनिक, कोल्हापूर