कारागीर गेला की कसबही जाते

महोदय,

अंधेरीच्या एमआयडीसीत खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मी २२ वर्षे सुपरवायझर आहे. गेल्या दिवाळीत आमच्या जुन्या ऑपरेटरने २,००० रुपये पगारवाढ मागितली. मालक नाही म्हणाले, तो भिवंडीला गेला. पुठ्ठ्याची घडी कुठे फुटेल हे त्याच्या बोटांना कळायचे. डायखाली, म्हणजे पुठ्ठा कापून घडी पाडणाऱ्या साच्याखाली, कागदाची पट्टी तो नेमकी तिथेच चिकटवायचा. नवा मुलगा मेहनती आहे, पण महिन्याभरात दोन मोठ्या ऑर्डरी परत आल्या. १९१४ साली हेन्री फोर्डने रोजची मजुरी ५ डॉलरवर नेली, ती माणसे टिकावीत म्हणूनच. आमच्याकडे कायद्याचा किमान ८.३३ टक्के बोनस दिला की संपले! आता नवे मशीन येतेय. त्यावर कोण उभे राहणार, हे मालकांनी आधी ठरवावे, ही कळकळीची विनंती.

– एक सुपरवायझर, जोगेश्वरी