निवृत्तीनंतर मला लागलेली ड्यूटी

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले काही आठवडे निवृत्तीनंतरच्या रिकामपणाबद्दल वाचकांची पत्रं येत आहेत. हास्य क्लब, तीर्थयात्रा, परसबाग, नातवंडं, सगळं वाचलं. एका गोष्टीची वाट पाहत होतो, ती कुणीच लिहिली नाही, म्हणून मी लिहायला बसलो. माझ्या म्हातारपणाला अर्थ आला तो प्रभू येशूवरच्या विश्वासामुळे. हे सांगायला मला संकोच वाटत नाही, आणि माझ्यासारख्या इतरांनाही वाटू नये.

मी नेवासा तालुक्यातला. 32 वर्षं एसटीत वाहक होतो. खांद्याला चामडी पिशवी, हातात आधी तिकिटांचा ट्रे आणि पंच, पुढे मशीन आलं. डबल बेल दिली की गाडी हलायची आणि पन्नास माणसं माझ्या भरवशावर निघायची. 2017 साली 58 पुरी झाली, हार-नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला जाग आली ती रोजच येत राहिली. आंघोळ उरकून मी स्टँडवर जाऊन बसायचो. कुठली गाडी किती उशिरा आली ते मनात टिपत राहायचो. 2019 साली पत्नी गेली. मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्यानं आग्रहानं नेलं. महिनाभर चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उभा राहून खालच्या बस मोजल्या आणि परत आलो.

आम्ही जन्माचे ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं, आणि आमच्या घराण्यात पणजोबांच्या पिढीपासून बाप्तिस्मा आहे. शब्बाथशाळा, झावळ्यांचा रविवार, नाताळ, टाळ-तबल्यावरची भजनं, हे सारं अंगवळणी पडलेलं. रविवारी ड्यूटी नसली की उपासनेला हजर. पण खरं सांगतो, तो विश्वास माझ्याजवळ पाससारखा होता. वाडवडिलांनी काढून दिलेला, खिशात ठेवलेला, कुणी विचारलं तर दाखवायचा.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त भेटायला त्यानंतर आठेक वर्षं लागली, असं त्यांनी आपल्या साक्षीत स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे दुष्काळातल्या मुली आणून दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभं करणारी बाई ती. संस्कृत पंडिता, तिला आठ वर्षं लागली. मग माझ्यासारख्याला साठ वर्षं लागली तर लाज कसली?

दिवस पक्का आठवतो. 14 एप्रिल 2022, पवित्र गुरुवार. त्याच दिवशी आंबेडकर जयंती होती, वेशीतून मिरवणुकीचे ताशे चर्चमध्ये ऐकू येत होते. पाळकांनी योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय वाचला. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र पाय मागे घेतो. हा उतारा मी लहानपणापासून दरवर्षी ऐकत आलोय. त्या संध्याकाळी मात्र तो ऐकताना मला एक बाई आठवली.

1998 चा पावसाळा. शेवटची मुक्कामी गाडी. एक म्हातारी चढली, लेकीकडे निघाली होती. कनवटीचे पैसे कुठेतरी पडले होते, तिकिटाला चार-पाच रुपये कमी पडत होते. मी बेल मारून तिला फाट्यावर उतरवलं. वर पाऊस, आडोशाला एक बाभूळ. गाडी हलली तेव्हा डोक्यावर पोत्याची खोळ घेताना ती मागच्या काचेतून दिसली. नियम नियमाच्या जागी बरोबर होता. पण माझ्या शर्टाच्या खिशात माझे स्वतःचे पैसे होते, आणि ते काढावेत असं मला सुचलंसुद्धा नाही.

त्या रात्री झोप येईना. उठून फरशीवर गुडघे टेकले. आजवर प्रार्थना पाठ म्हटली होती; आता एकटा, मोठ्यानं, माझ्या नेवाशाच्या बोलीत बोललो. त्या बाईचं सगळं सांगितलं. क्षमा मागितली. आणि मग विचारलं, मला आता कुठल्या गाडीवर टाकतोस? उजेड पडला नाही, आवाज आला नाही. पहाटे चारला जाग आली तेव्हा छाती हलकी होती आणि मला रडू आलं. धन्यवादाचं होतं ते.

उत्तर मे महिन्यात आलं. एसटीचा संप मिटून गाड्या सुरळीत झाल्या होत्या. स्टँडवर सत्तरीच्या एक आक्का दवाखान्याची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत छातीशी धरून उभ्या. गळ्यात तुळशीची माळ. नगरची गाडी समोरून निघून गेली तरी त्यांना बोर्ड वाचता आला नव्हता. डायलिसिसला निघालेल्या, मुलगा ऊसतोडीला, सोबत कुणी नाही. मी म्हणालो, "चला आक्का, मी येतो."

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांच्यासोबत जातो. मशीनवर चार तास लागतात. हातावर जिथे शीर जोडली आहे तिथे त्यांनी एकदा माझं बोट ठेवलं. आत मांजर गुरगुरावं तशी थरथर चालू होती. "मास्तर, ही बंद पडली की संपलं," म्हणाल्या. पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणून उन्हाळ्यात लिंबाची बारीक फोड चोखत बसतात. परतीच्या गाडीत पायाला गोळे येतात, तेव्हा खाली बसून मी त्यांची पोटरी दाबतो. पहिल्यांदा पायाला हात लावला तेव्हा त्यांनी पटकन पाय मागे घेतला. "असं नका करू मास्तर, पाप लागंल मला." मला पेत्र आठवला. मी काही बोललो नाही, दाबत राहिलो.

आता आणखी चार जण आहेत. कुणाला केसपेपर काढून द्यायचा, कुणाचा सोनोग्राफीचा नंबर धरायचा, उपाशीपोटी रक्त दिलं की डबा उघडून द्यायचा. वे-बिल, म्हणजे वाहकाचा खेपेचा हिशेब, लिहायची सवय जात नाही, वहीत तारीख, गाडी, नाव, पुन्हा कधी बोलावलं ते लिहितो. रात्री तीच वही पुढ्यात घेऊन एकेका नावासाठी प्रार्थना करतो.

गावात एकानं विचारलं, "मिशनकडून किती मिळतात?" फार लागलं ते. एक पैसा मिळत नाही, मागितलाही नाही. मी कुणाला धर्म शिकवत नाही. गाडीत आक्का हरिपाठ म्हणतात, मी शेजारी बसून मनात स्तोत्र म्हणतो. त्यांनी एकदा विचारलं, हे का करता? तेव्हा फाट्यावरच्या बाईची गोष्ट सांगितली आणि येशूनं पाय धुतल्याचीही सांगितली. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

अशी मदत श्रद्धेशिवायही माणसं करतात, माझ्यापेक्षा चांगली करतात. मी माझ्यापुरतं सांगतो. पहिल्याच वर्षी माझ्यासोबत येणारे एक गृहस्थ वारले. आठवडाभर मी घराबाहेर पडलो नाही. एवढ्या खेपा घातल्या, उपयोग काय, हेच डोक्यात. येशूच्या मरणाचा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्यामधल्या शनिवारी शिष्य दार लावून बसले असतील ते कसे, हे मला त्या आठवड्यात कळलं. मी पुन्हा उठलो ते माझ्या जिद्दीनं नाही. तेवढी जिद्द माझ्यात नाही, हे मी स्टँडवर काढलेल्या वर्षांत पाहिलं होतं. उठवणारा निराळा आहे.

म्हणून आपल्याला विनंती, या लेखमालेत भक्तीलाही जागा द्यावी. वारकऱ्यानं त्याची लिहावी, मुसलमान बांधवानं त्याची लिहावी. म्हातारपणी माणूस रात्री जागा असतो तेव्हा कुणाशी बोलतो, हे वाचायला मला आवडेल.

ती फाट्यावरची बाई मला पुन्हा भेटली नाही. तेव्हाच सत्तरीची होती. आमची नगरची गाडी अजून त्याच फाट्यावरून जाते. बाभूळ गेली, आता तिथे पत्र्याचं शेड आहे. फाटा आला की मी उठून उभा राहतो. कुणी हात दाखवलेला दिसला आणि चालकाचं लक्ष नसलं, तर आजचा वाहक पोरगा मला ओळखतो, तो बेल मारतो.

आपला नम्र,
एक निवृत्त वाहक
ता. नेवासा, जि. अहिल्यानगर